भरपाई कुणाला, वचक कुणाला?

शिरूर तालुक्यातल्या कारेगावात भाड्याच्या खोलीत राहणारा एक कामगार समजा. वय ३०. रांजणगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडून लागलेला, पगार महिना १८,००० रुपये. घरी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. माणूस काल्पनिक आहे, पण पुढचा हिशेब खरा आहे. हा माणूस अपघातात गेला तर घरच्यांच्या हाती किती पैसे पडतील?

नगर रोडवर ट्रकवाल्याच्या चुकीने गेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असं गणित मांडतं. वर्षाची कमाई २,१६,००० रुपये. वय चाळिशीच्या आत, म्हणजे पुढे कमाई वाढली असती हे धरून ४० टक्के भर, झाले ३,०२,४००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले २,२६,८००. त्याला वयाच्या हिशेबाने १७ ने गुणायचं. एकूण ३८,५५,६०० रुपये. अंत्यविधी, सहवास वगैरेंच्या ठरीव रकमा वेगळ्या. सरला वर्मा खटल्याने २००९ साली आणि प्रणय सेठी खटल्याने २०१७ साली हे कोष्टक देशभर एकसारखं केलं.

तोच माणूस कारखान्यात मशीनखाली सापडला, तर कोष्टक बदलतं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० पासून महिना १५,००० पर्यंतच धरला जात आला. त्याचे निम्मे ७,५००, गुणिले तिशीच्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर केंद्राच्या योजनेतून २ लाख. खड्ड्यामुळे जीव गेला, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पालिका आणि रस्ते यंत्रणांना घालून दिलेला आकडा ६ लाखांचा. उसाच्या फडात बिबट्याने गाठलं, तर राज्य सरकारचे २५ लाख.

माणूस एक आणि भाव पाच. या तफावतीमागे कुणी योजना आखलेली नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या दबावाखाली जसजसे कायदे आणि शासन निर्णय होत गेले, तसतसे आकडे ठरत गेले. पण दुसऱ्याच्या चुकीने नुकसान झालं तर त्याने ते भरून द्यावं, या दिवाणी उत्तरदायित्वाच्या कायद्याकडून जगभर दोन अपेक्षा धरल्या जातात. एक, ज्याचं नुकसान झालं त्याला पैसा मिळावा. दोन, पैसे भरावे लागतात या धाकाने लोकांनी काळजी घ्यावी आणि अपघातच कमी व्हावेत. अमेरिकेतले कायदेपंडित गिडो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चावरच्या आपल्या ग्रंथात हे सूत्ररूपाने मांडलं: अपघात सर्वांत स्वस्तात जो टाळू शकतो, त्याच्यावर खर्च टाका. त्यानंतरची पन्नासेक वर्षं अर्थशास्त्रज्ञ आणि कायद्याचे अभ्यासक आकडे घेऊन तपासताहेत, की प्रत्यक्षात असं घडतं का. त्या संशोधनाचा हा आढावा, कारेगावच्या बाजूने घेतलेला.

आधी आपल्याकडची पार्श्वभूमी. भारतात असे खटले मुळातच फार थोडे लढवले जातात. भोपाळच्या दुर्घटनेनंतर मार्क गॅलँटर या अमेरिकी अभ्यासकाने हे आकड्यांनी दाखवलं. १९७५ ते १९८४ या दशकातले वरिष्ठ न्यायालयांचे छापील निकाल चाळले, तर मोटार अपघात वगळता अपकृत्याचे (म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचे) खटले साठाच्याही आत होते. एवढ्या मोठ्या देशात, दहा वर्षांत. याचं एक उत्तर पुण्यातच सापडतं. १९५३ साली कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली, त्याला उपचारासाठी पुण्याला आणलं आणि तिथे त्याचा मृत्यू झाला. डॉक्टरच्या हलगर्जीबद्दल वडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ साली आणि भरपाई होती ३,००० रुपये. वैद्यकीय निष्काळजीपणावरचा हा निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो, पण पंधरा वर्षं आणि तीन हजार हा हिशेब पाहून दुसरा कुणी बाप न्यायालयाची पायरी चढेल कशाला? पानशेत १९६१ साली फुटलं तेव्हाही पुणेकरांना चौकशी आयोग मिळाला, नव्या वसाहती मिळाल्या. धरण बांधणाऱ्याने कायद्याने भरपाई द्यावी हा प्रश्न मागेच पडला. गंमत म्हणजे धोक्याची वस्तू बाळगणारा जबाबदार, हा इंग्लंडमधला १८६८ चा प्रसिद्ध दंडकही फुटलेल्या पाणीसाठ्यावरूनच आलेला आहे.

याला एकच मोठा अपवाद म्हणजे रस्ता. मोटार वाहनाला त्रयस्थ विमा १९४६ पासून सक्तीचा आहे, न्यायाधिकरणं वेगळी आहेत, कोर्ट फी नाममात्र आहे, आणि पैसे विमा कंपनी देते. त्यामुळे सामान्य माणूस दिवाणी भरपाई मागायला खरोखर जातो तो बहुतेक इथेच. संशोधनही जगभर सर्वांत जास्त याच विषयावर झालं आहे, तेव्हा इथे जरा थांबू.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सत्तरच्या दशकात चूक कुणाची हे न पाहता ज्याच्या-त्याच्या विमा कंपनीने भरपाई द्यायची पद्धत आणली. मग धाक कमी झाला का? एलिझाबेथ लँडीस यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की अशा राज्यांत खटल्याचा हक्क किती आवळला त्या प्रमाणात जीवघेणे अपघात २ ते १५ टक्क्यांनी वाढले. पुढच्या काही अभ्यासांना असा परिणाम सापडलाच नाही. २००१ मध्ये कमिन्स, फिलिप्स आणि वाइस यांना तो पुन्हा सापडला. २००४ मध्ये अल्मा कोहेन आणि राजीव देहेजिया यांनाही. कोहेन-देहेजिया यांचं आणखी एक निरीक्षण आपल्याला जास्त लागू पडतं: विमा सक्तीचा झाला, विमा नसलेली वाहनं कमी झाली, पण विम्याच्या भरवशावर ड्रायव्हर थोडे बेफिकीर झाले आणि मृत्यू वाढले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७८ साली खटल्याचा हक्कच काढून टाकला, तिथल्या आकड्यांवरूनही अभ्यासकांचे वाद झाले. वाढ झाली ती धाक गेल्याने की सगळ्यांना सरसकट एकच हप्ता लावल्याने, हा त्या वादाचा गाभा होता.

माझ्या मते या साऱ्या भांडणातून हाती लागतं ते एवढंच: कायदा कुणाला दोषी धरतो यापेक्षा त्याचं बिल शेवटी कुणाच्या खिशातून जातं, याने वागणं बदलतं.

आता हे नगर रोडवर लावून पाहा. त्रयस्थ विम्याचा हप्ता आपल्याकडे सरकार ठरवतं. दुचाकी-मोटारीला इंजिनाच्या क्षमतेवर, मालट्रकला वजनावर. ड्रायव्हरने आजवर किती जणांना उडवलं याचा त्या हप्त्याशी संबंध नाही. ज्याच्या गाड्यांनी गेल्या पाच वर्षांत एकही अपघात केला नाही असा वाहतूकदार आणि ज्याच्या गाड्यांची नावं न्यायाधिकरणाच्या बोर्डावर दर महिन्याला लागतात असा वाहतूकदार, दोघेही त्रयस्थ विम्याला तेवढेच पैसे भरतात. पगार देऊन रात्रभर गाडी चालवून घेणारा मालक, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर न लावता ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला, शिफ्ट सुटायच्या वेळी दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने दुचाकी घालणारा, यांच्यापैकी कुणापर्यंत बिल पोचत नाही. दुचाकीवाल्याच्या भरपाईतून सहभागी चूक म्हणून काही टक्के कापले जातात खरे, पण ते कळतं तेव्हा तो बिचारा एक तर हयात नसतो, नाही तर कुबड्यांवर असतो. आणि रस्त्यावरच्या निम्म्याच्या आसपास वाहनांना विमाच नाही. त्यात दुचाकींचा भरणा मोठा.

रस्ता बांधणाराही सुटतोच. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष आखणीसाठी ठेकेदार आणि यंत्रणेला १ लाखापर्यंत दंडाची तरतूद केली. एका मृत्यूची भरपाई ३८ लाख आणि चुकीच्या वळणाला कमाल दंड १ लाख! महामार्गाच्या ठेक्यापुढे ही रक्कम किती, हे वाचकाने पाहावं.

धाक नेमका कुठून येतो यावर केनियातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. जेम्स हब्यारिमाना आणि विल्यम जॅक यांनी तिथल्या मटाटू या वडाप गाड्यांपैकी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या गाड्यांत आत स्टिकर लावले: ड्रायव्हर बेफाम चालवत असेल तर बोला, ओरडा. परिणाम मोजला तो विमा कंपन्यांकडे आलेल्या दाव्यांवरून. स्टिकर लावलेल्या गाड्यांवरचे दावे निम्म्याहून खाली आले. कायद्यातलं एक अक्षर न बदलता, कागदाच्या तुकड्याने हे घडलं. इथे त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की हे मोजता आलं, कारण गाडीवार दाव्यांची नोंद अभ्यासकांना पाहायला मिळाली.

आता पहिल्या अपेक्षेकडे, म्हणजे पैसा पोचतो का याकडे. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार २०२२-२३ अखेर देशभर दहा लाखांहून अधिक अपघात दावे पडून होते आणि त्यांची रक्कम ८० हजार कोटींच्या वर होती. पळून गेलेल्या वाहनांची गोष्ट तर आणखी खेदाची. २०२२ मध्ये असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. त्यांच्यासाठीच्या योजनेत २०२२-२३ या वर्षात अर्ज आले २०५, मंजूर झाले ९५. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये हे आकडे समोर ठेवून पोलिसांना सांगितलं, की वाहन महिनाभरात सापडलं नाही तर जखमींना आणि वारसांना योजनेची माहिती लेखी द्या. योजना होती, पैसा होता, रक्कमही आठपट वाढवली होती (पूर्वी मृत्यूला २५,००० मिळत). पोचली नव्हती ती बातमी.

याहून चकित करणारी गोष्ट २०२५ मध्ये पुढे आली. गुजरातमधल्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने आपणहून चौकशी केली: दावा जिंकला, विमा कंपनीने पैसे भरले, पण घ्यायला कुणी आलंच नाही, अशा रकमा किती? गुजरातमधल्या न्यायाधिकरणांत सुमारे २८२ कोटी. महाराष्ट्रात सुमारे ४५९ कोटी. म्हणजे भांडून, वर्षानुवर्षं तारखा करून मिळवलेले साडेचारशे कोटी न्यायालयांच्या खात्यांत पडून.

हे कसं होतं ते कारेगावात राहून समजायला अवघड नाही. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला माणूस. अर्जावर पत्ता भाड्याच्या खोलीचा. तो गेल्यावर बायको मुलांना घेऊन गावी जाते, मोबाइल नंबर बदलतो. दावा पुण्याला शिवाजीनगरच्या न्यायालयात. निकाल चार-पाच वर्षांनी. पोरकी मुलं आणि निरक्षर विधवा यांचा पैसा भावकीने गिळू नये म्हणून बराचसा हिस्सा बँकेत मुदतठेवीत ठेवावा, असं १९९३ साली केरळच्या सुसम्मा थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. हेतू चांगलाच होता. पण मुलगा सज्ञान होऊन ठेव सोडवायची वेळ येते तेव्हा वकील बदललेला असतो, नाही तर वारलेला असतो, बँकेची शाखा विलीन झालेली असते आणि पावती गावाकडच्या ट्रंकेत असते. एप्रिल २०२५ च्या आदेशाने आता दावा दाखल करतानाच बँक खातं, आधार, पॅन, ई-मेल घ्यायला सांगितलं आहे आणि पडून असलेल्या रकमांची माहिती संकेतस्थळावर टाकायला सांगितली आहे. रक्कम थेट खात्यात जाणार असेल तर या छिद्राचा मोठा भाग बुजेल.

कारखान्याकडे वळू, कारण कारेगावचं पोट त्यावर आहे.

पॉवर प्रेसचं उदाहरण घ्या. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, मग प्रेस खाली येते. हात बटणांवर असल्यामुळे खाली सापडत नाहीत. पण तासाचा आकडा गाठायचा असतो. मग एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं जातं, सेन्सर बायपास होतो, एका हाताने पत्रा आणि दुसऱ्याने बटण. सुपरवायझरला दिसतं, तो बोलत नाही. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अशा जखमींच्या नोंदी ‘क्रश्ड’ या नावाच्या अहवालांत छापते. सुरुवात गुडगाव-मानेसरच्या पट्ट्यापासून झाली, पुढे महाराष्ट्रातले कामगारही त्यात आले. दरवर्षी तेच दिसतं: मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने, ठेकेदाराचे कामगार, कमी शिकलेले, बोटं तुटलेली, आणि मुख्य दोषी मशीन पॉवर प्रेस. एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी. बहुसंख्य जखमींना कर्मचारी राज्य विम्याचं (ईएसआय) कार्ड मिळतं ते अपघात झाल्यानंतर. म्हणजे तोवर मालकाच्या लेखी तो कामगार कागदावर नसतोच.

आता या अपघाताचं बिल कुणाला? राज्य विमा योजना लागू असेल तर मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. वेतनमर्यादा २१,०००, म्हणजे आपला १८,००० वाला त्यात बसतो. मेला तर वारसांना वेतनाच्या नव्वद टक्के दराने निवृत्तिवेतन मिळतं, आणि कार्ड वेळेवर निघालं असेल तर ही व्यवस्था पंधरा लाखांच्या एकरकमी भरपाईपेक्षा घराला जास्त आधार देते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या बदल्यात मालकावर दावा करायचा हक्क १९४८ च्या कायद्याच्या कलम ५३ ने गेला. आणि ३.२५ टक्के हा दर सगळ्यांना सारखा. लोणची भरणाऱ्या कारखान्याला तोच, प्रेस शॉपला तोच. वर्षभर एकही बोट न तुटलेल्याला तोच, दर महिन्याला तुटणाऱ्यालाही तोच. रस्त्यावरच्या विम्याचा दोष इथे जसाच्या तसा उतरला आहे.

बिल योग्य माणसापर्यंत गेलं तर फरक पडतो का, याचा पुरावा याच क्षेत्रात सर्वांत चांगला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी राज्यांनी, चूक सिद्ध करायला न लावता, मालकाने भरपाई द्यायचा कायदा आणला. जेम्स चेलियस यांना आढळलं की यंत्रांवरचे मृत्यू त्याने घटले. उलट प्राइस फिशबॅक यांनी कोळसा खाणींचे आकडे काढले तर तिथे मृत्यू वाढले होते. वरकरणी विसंगत, पण दोन्ही खरं. यंत्राला जाळी मालक लावू शकतो. त्याच्यावर खर्च पडला, त्याने जाळ्या लावल्या. खाणीत कामगार एकेकटा, टनावर मजुरी, छताला टेकू कधी द्यायचा हे तोच ठरवणार. मालकाला जागोजागी देखरेख ठेवण्यापेक्षा भरपाई स्वस्त पडली. पुढे मूर आणि व्हिस्कुसी यांनी १९८०च्या दशकातले आकडे तपासून म्हटलं, की भरपाईची ही व्यवस्था नसती तर कामावरचे मृत्यू २० टक्क्यांहून अधिक वाढले असते. आणि परिणाम मोठ्या कंपन्यांत जास्त, कारण त्यांचा विमाहप्ता त्यांच्या स्वतःच्या अपघातांवर ठरतो. लहान कारखान्यांचा ठरत नाही. आपल्याकडे कुणाचाच ठरत नाही.

भारतीय न्यायालयांनी कामगाराच्या बाजूने कायदा बराच ताणला. एका सुताराचा डावा हात कोपरावरून गेला; मालक म्हणे, एकच हात गेला, भरपाई त्या टक्क्यांनी द्या. सर्वोच्च न्यायालय १९७५ साली म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने धाराशिवकडच्या साखर कारखान्यावर पहाटेच्या पाळीला निघालेल्या पहारेकऱ्याचा रस्त्यावरचा मृत्यू कामावरचाच धरला. शिफ्टसाठी अंधारात दुचाकी काढणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल उपयोगी आहे. अपघात मात्र २००३ सालचा होता. बावीस वर्षं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि कामावर जाता-येतानाचा अपघात तिथे लेखी आला आहे. मूळ मालक ठेकेदाराच्या माणसांनाही जबाबदार, हे तत्त्व जुन्याच कायद्यापासून आहे. पण ठेकेदार कोण आणि मूळ मालक कोण हे सिद्ध करायला हजेरीचा कागद लागतो, आणि तो ठेकेदाराच्याच कपाटात असतो.

विजेबद्दल थोडक्यात. १९९७ साली मध्य प्रदेशात रात्री पाऊस पडत असताना कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला कामगार रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेला लागून मेला. वीज मंडळ म्हणालं, कुणीतरी आकडा टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते ऐकून घेतलं नाही: धोक्याची वस्तू तुमची, जबाबदारी तुमची. शिरूर-दौंडच्या शेतांत लोंबत्या तारांची कमतरता नाही, तेव्हा हा निकाल इथे पाठ असायला हवा. पण सरकारी कंपनीने भरलेली भरपाई ज्याने लाइन दुरुस्त केली नाही त्याच्या पगारातून जात नाही. ती शेवटी आपल्याच बिलात येते.

बिबट्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे दोषी म्हणून कुणाला उभं करणार? शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडच्या परिसरात माणसं दगावली आणि लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. पैसा इथे बाकी सर्व मार्गांपेक्षा लवकर आणि बऱ्यापैकी मिळतो. पण वचक या दुसऱ्या अपेक्षेला अर्थच उरत नाही, उरतो तो सरकारने काय उपाय केले हा प्रश्न. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच वनविभागातले आकडे तपासून २०११ मध्ये दाखवलं, की वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले, २९ बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतर, २००१ ते २००३ मध्ये १७ वर गेले. लोकांची मागणी आजही तीच असते, पकडून न्या. त्यांना दोष देता येत नाही. पण आकडे दुसरं सांगतात.

डॉक्टरांच्या चुकांवर जगात ढीगभर संशोधन आहे, इथे एक-दोनच गोष्टी. न्यूयॉर्कमधल्या १९८४ च्या रुग्णनोंदींवर आधारलेल्या हार्वर्डच्या अभ्यासात निष्काळजीपणाने इजा झालेल्यांपैकी दोन टक्क्यांहून कमी लोकांनी दावा लावला होता. आणि लावलेल्या दाव्यांतही बरेच असे, ज्यांत चूक झालीच नव्हती. दुसरीकडे अमेरिकी लष्करी दवाखान्यांवरच्या फ्रेक्स आणि ग्रूबर यांच्या अभ्यासात, खटल्याची भीती नसेल तिथे उपचारांचं प्रमाण पाचेक टक्के कमी दिसलं आणि रुग्णांचं काही बिघडलंही नाही. १९९५ पासून आपल्याकडे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. त्याने उपचार सुधारले की नुसत्या तपासण्या वाढल्या, यावर हमरीतुमरीवर येणारे पुष्कळ, मोजणारा कुणी नाही.

न्यूझीलंडने १९७४ साली या सगळ्यातूनच अंग काढून घेतलं. अपघात कसाही होवो, चूक कुणाचीही असो, भरपाई सरकारी मंडळ देणार. शारीरिक इजेबद्दल खटला नाही. खटल्याचा धाक गेला म्हणून तिथे अपघात वाढले, असं ठामपणे म्हणता येईल असा पुरावा पुढे आलेला नाही. पण तिथे उद्योगांकडून घेतली जाणारी पट्टी धोक्याप्रमाणे कमी-जास्त असते, ही गोष्ट त्या व्यवस्थेचं कौतुक करणारे कधी कधी विसरतात.

भारतात या प्रश्नावर म्हणण्यासारखं संशोधन का नाही? माहिती नाही म्हणून, असं आता म्हणता येत नाही. २०२१ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पोलीस अपघाताची नोंद मोबाइलवर, जागेच्या अक्षांश-रेखांशासह करतात. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. निकाल संकेतस्थळावर असतात. विमा कंपनीकडे पॉलिसी असते. कारखान्यातल्या जीवघेण्या अपघाताची खबर कारखाना निरीक्षकाला जाते. चारही ठिकाणचे कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत, एवढीच अडचण आहे. नगर रोडच्या कोणत्या किलोमीटरवर गेल्या दहा वर्षांत किती कोटींची भरपाई द्यावी लागली, हा आकडा निघाला तर तिथे भुयारी मार्ग बांधणं स्वस्त की महाग, ते गावचा सरपंचही सांगेल. पुण्याचं न्यायाधिकरण, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आणि विमा नियामक यांनी हे काम एका जिल्ह्यापुरतं करून छापावं. त्रयस्थ विम्याचा हप्ता वाहतूकदाराच्या आणि राज्य विम्याचा दर कारखान्याच्या अपघातांवर ठरवावा. याला संशोधनाचा पाठिंबा आहे आणि खर्च नगण्य.

हे होईल तेव्हा होईल. आज कारेगावात नव्याने कामाला लागलेल्याने मात्र पहिल्याच आठवड्यात राज्य विम्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि गावाकडे फोटो पाठवून ठेवावा. पगार रोख न घेता खात्यात घ्यावा, कारण कमाईचा पुरावा नसला की न्यायाधिकरण अंदाजाने कमी आकडा धरतं आणि वरचे ३८ लाख बघता बघता निम्म्यावर येतात. रस्त्यावर अपघात झाला तर दावा सहा महिन्यांत लावायचा, असं २०१९ ची दुरुस्ती म्हणते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उशीर झाला एवढ्याच कारणाने दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश दिला आहे. पण तो अंतरिम आहे, त्यावर विसंबून राहू नका.